ओठ जड झाला का?

१

आमच्या दवाखान्यात दिवसभरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. खालची दाढ काढायची असली की बधिर करायचं इंजेक्शन पार मागे, जबडा जिथं वळतो तिथं द्यावं लागतं. मग थांबायचं. तेवढ्यात हत्यारं लावून घ्यायची, पेशंटला गावाकडचं पाऊसपाणी विचारायचं. आणि मग, "ओठ जड झाला का?" दाढ बधिर झाली की नाही हे पेशंटला आपणहून कळत नाही. त्या बाजूचा अर्धा ओठ जड झाला, म्हणजे औषध पोचलं.

आणि आमच्याकडचा पेशंट काय म्हणतो? "हाव."

झाला असला तरी हाव, नसला तरी हाव. डॉक्टर विचारून राहिला म्हणजे झालाच असणार, उगाच न्हाई म्हणून त्याला कशाला तकलीफ द्यायची! हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. नांदेडला बी.डी.एस. करून मी लातूरला संगमेश्वर सरांच्या हाताखाली लागले, तेव्हा त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं, "मनस्विनी, आपल्या माणसाच्या 'हाव'वर भरवसा ठेवून दाढ ओढायची नाही. टोचून बघायचं. डोळ्यांकडे बघायचं."

डोळ्यांकडे मी बघतेच. इतकं बघते की पेशंटच घाबरतो. मी मुळात भित्री. मशीनला हवा पुरवणारा कंप्रेसर बाथरूममध्ये ठेवलाय, हवा कमी झाली की तो आपोआप धडधडत सुरू होतो आणि मी दर वेळी दचकते. आमच्या असिस्टंट पंचशीलाताई म्हणतात, "मॅडम, तुमच्यापेक्षा पेशंट बरा. तो निदान खुर्चीत बसल्यावर भितो."

त्या दुपारी शिरूर अनंतपाळहून मडिवाळप्पा आले होते. किराणा दुकानदार, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डाव्या गालावर सूज. मी इंजेक्शन दिलं, थांबले, विचारलं, "आप्पा, ओठ जड झाला का?"

"हाव."

"नक्की?"

"हाव की. तुम्ही करा तुमचं."

मी टोकदार सळईनं हिरडीला टोचून बघितलं. पापणीसुद्धा हलली नाही. त्याच वेळी मला मास्कच्या आत काहीतरी लागल्यासारखं झालं. ओठाला दोरा चिकटावा तसं. मी खांद्यानं मास्क पुसला. दोरा तिथंच.

दाढ हट्टी होती, पण आली. आप्पा हूं की चूं करत नव्हते. फक्त डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची एक धार निघून कानात चालली होती. डोळ्यांवर दिवा आहे, येतं पाणी, असं मी मनाशी म्हटलं.

"दुखलं का, आप्पा?"

"छे! मुंगी चावल्यागत बी न्हाई. लई हलका हात हाय बाई तुमचा."

ते उठले आणि जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरले. कपाळावरचे पट्टे घामानं पुसून गेले होते.

मी मास्क काढून पाणी प्यायले. पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून ॲप्रनवर पडलं. पुसायला हात लावला, तर बोटांना ओठ लागला, ओठाला बोटं नाही.

२

याला कारण आहे, आणि ते मला पाठ आहे. घाबरट माणूस श्वास भराभर घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तोंडाभोवती मुंग्या येतात. परीक्षेत आठ मार्कांना आलेला प्रश्न आहे हा.

सरांना सांगितलं, तर तेही हेच म्हणाले. "तू श्वास लई भराभर घेतेस, बाई. पेशंटला सांगतेस तसं स्वतः पण नाकानं सावकाश घे." पुढं हसून म्हणाले, "आणि फुकटात बधिर होत असशील तर चांगलंच की. माझं औषध वाचलं."

मग मी सावकाश श्वास घ्यायला लागले. काही दिवस बरे गेले, किंवा बरे गेले असं मी ठरवलं. ओठ जड व्हायचा, पण नुसता अर्धाच कसा, आणि नेमका पेशंटच्या बाजूचाच कसा, हा विचार मी करत नव्हते.

एक दिवस सरच इंजेक्शन देत होते आणि मी शेजारी उभी राहून थुंकी ओढायची नळी धरली होती. खुर्चीत एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या बाई होत्या. सरांनी विचारलं, "ओठ जड झाला का?"

"नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. "काहीच झालं नाही."

इतका सरळ नकार ऐकायची सवयच नसल्यानं सर दोन क्षण बघतच राहिले. मग त्यांनी आणखी औषध भरलं. परत थांबलो. परत "नाही." माझा मात्र उजवा ओठ, हनुवटी, जिभेची अर्धी बाजू, सगळं गेलं होतं. तोंडात कुणाचीतरी जीभ ठेवल्यासारखी वाटत होती.

"मनस्विनी, जरा एक्स-रे आण गं."

मी बाहेर आले. टेबलावरून एक्स-रे उचलला आणि आतून बाईंचा आवाज आला, "हां, आता झाला. एकदम झाला, डॉक्टर."

माझ्या जिभेला माझे दात लागले. ओठ परत आला होता.

मी दारात उभी राहिले. काचेचं दार, त्यावर दात घासणाऱ्या मुलाचं स्टिकर, पलीकडं सरांनी दाढेला हत्यार लावलेलं. आत गेले. ओठ गेला. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. बाहेर आले. ओठ आला. बाईंची बोटं सैल पडली.

"अगं, आत-बाहेर काय करतेस? कबड्डी खेळून राहिलीस का?" सर म्हणाले. "नळी कोण धरणार?"

मी पोटात कळ आल्याचं सांगून बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावली. कंप्रेसर शेजारी धडधडत होता. दाढ निघेपर्यंत मी तिथंच, पाठ भिंतीला लावून उभी राहिले. औषध पसरायला वेळ लागतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. योगायोग नावाची गोष्ट असते. हे मी त्या कंप्रेसरला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तो बंद पडला.

३

त्यानंतर मी फक्त दात साफ करायचे पेशंट घ्यायला लागले. त्यात इंजेक्शन नसतं. सरांना वाटलं, पोरगी नाजूक कामात रमली.

शिवानी आली त्या दिवशीही मी बाहेरच बसले होते. लहान मुलगी, चार दाढा किडलेल्या, सुई बघितली की उलटी करायची. तिच्यासाठी सरांनी गॅस काढला. त्यानं झोप लागत नाही, नुसती धास्ती जाते, हातपाय हलके होतात. काही पोरं हसायला लागतात, म्हणून त्याला हसवणारा गॅस म्हणतात. छोटा गुलाबी मास्क नाकावर बसवायचा, त्याला स्ट्रॉबेरीचा वास.

"मनस्विनी, आत ये. पंचशीला पोरीचे हात धरतील, तू नळी धर."

मी मनात म्हटलं, हे तर इंजेक्शन नाही. हा गॅस आहे. गॅसचं वेगळं असणार. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

शिवानीची आई बाहेर थांबली. जाताना पोरीला म्हणाली, "मॅडमला तरास द्यायचा न्हाई हं. शहाणी ना माझी?" पोरीनं मान हलवली.

सरांनी चावी फिरवली. फुसफुस आवाज. "आता बघ, पायाला गुदगुल्या होतील," सर तिला म्हणाले. पोरगी बघत होती. हसली नाही. सरांनी गॅस थोडा वाढवला आणि दाढ कोरायचं मशीन सुरू केलं. तो किडलेल्या दाढेत शिरल्यावर बदलणारा आवाज, चींऽ पासून घर्रर्र.

आणि मी हसले.

आधी नाकातून, बारीक. मी ओठ आवळले. मग पोटातून आलं. मला हसायचं नव्हतं. मी खिडकीतून समोरच्या होर्डिंगकडं बघितलं, त्यावर मेडिकलला नंबर लागलेल्या मुलांचे ओळीनं फोटो होते, आणि ते सगळेच मला इतके हसरे दिसले की मला आवरेना. डोळ्यांत पाणी आलं, नळी हातातून सुटायला लागली.

"मॅडम, कशाला हसून राहिल्या?" पंचशीलाताईंना वाटलं मला काहीतरी विनोद आठवला. त्याही हसायला लागल्या. "ओ मॅडम, आम्हाला बी सांगा की!"

शिवानी माझ्याकडं बघत होती. मास्कच्या वर तिचे डोळे मोठे, कोरडे, गच्च उघडे. पायाचे अंगठे आत वळलेले. हूं की चूं नाही.

नंतर सरांनी मास्क हातात घेऊन बघितला. "ढिला बसला असणार. गॅस गळून तुझ्या नाकात गेला." अगदी पटण्यासारखं होतं. मी मान हलवली. गाल दुखत होते.

मायलेकी जिना उतरत होत्या आणि मी वर दारात उभी होते. बोळातून शिवानीचा आवाज वर आला. बारीक, तक्रारीचा पण नाही, नुसतं विचारल्यासारखा.

"आई, मला दुखत होतं तवा त्या मॅडम कशाला हसत होत्या?"

४

याच दिवसांत आईचा जबडा सुजला.

आई, राजश्री, कंधारला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, बाबा गेल्यापासून एकटीच. तिची खालची अक्कलदाढ हाडात आडवी आहे आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरलीय, हे मी कॉलेजात असताना बळेच तिचा एक्स-रे काढला तेव्हापासून मला माहीत आहे. पण ती दाताच्या डॉक्टरकडं जात नाही. स्वतःची मुलगी डॉक्टर झाली तरी नाही. आता गाल टोपलीसारखा झाला, तेव्हा अहमदपूरला गाडी बदलून लातूरला माझ्या खोलीवर आली.

सरांनी एक्स-रे दिव्यावर धरला. "बाई, आता थांबता येणार नाही. सूज गळ्याकडं उतरली तर श्वासाचं अवघड होईल. नुसत्या सुईवर तुम्ही बसायच्या नाहीत. शिरेतून गुंगीचं औषध देऊ. रविवारी नांदेडहून भूलतज्ज्ञ येतील, अंबरीश म्हणून आहेत. तुम्ही अर्धवट झोपेत असाल. उठल्यावर काही आठवणार नाही."

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "मनू शेजारी उभी राहणार असेल तर."

रात्रीचं जेवण करताना मी हळूच म्हटलं, "आई, नांदेडलाच मोठ्या दवाखान्यात गेलो तर? किंवा इथंच कर, मी बाहेर थांबते. घरच्या माणसानं आत असू नये म्हणतात."

तिनं ताटातला वरणभात तसाच ठेवला. मग तिनं मला ते सांगितलं. लहान असताना कंधारला तिची दाढ काढली होती, घरातच. बाजेवर पाडून. एका काकानं पाय धरले, एकानं हात. बधिर करायला लवंगेचं तेल.

"दुखलं ते मी विसरले बघ," आई म्हणाली. "पण मी ओरडले, तर कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवला. शेजारी ऐकतील म्हणून. कुणाचा हात होता ते मला आजपर्यंत माहीत नाही. तो हात मात्र..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणून तू पाहिजेस. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवणार नाही, एवढं बघ. तू नसशील तर मी नाही बसणार. गळ्यात उतरू दे नाहीतर पायात उतरू दे."

"असेन," मी म्हटलं. पण कशी सांगणार तिला? की मी शेजारी असले तर तुला औषध लागणार नाही, ते मला लागेल? मी स्वतःला हे वाक्य म्हणून बघितलं. इंग्रजीत म्हटलं, मराठीत म्हटलं. दोन्हीकडून ते वेड्यासारखंच वाटलं.

सरांना एकटं गाठून मी तेवढं वाक्य म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आईचं होऊ दे. मग आठ दिवस सुट्टी घे. झोप नीट घेत नाहीस तू."

मग मी ठरवलं. आईचे डोळे मिटेपर्यंत हात धरायचा. मिटले की बाहेर. नुसतं दाराबाहेर नाही, खाली, रस्त्यावर. तिला काही आठवणारच नाही, तर मी तिथं होते की नव्हते हे तरी कसं आठवेल? वचन मोडायचं नव्हतंच. ते पंचशीलाताईंवर सोपवायचं होतं, एवढंच.

५

रविवारी दवाखाना बाकीच्यांसाठी बंद होता. खुर्ची पूर्ण आडवी केलेली. डॉ. अंबरीश बोलके होते, आईशी शाळेच्या गप्पा मारत त्यांनी मनगटात सुई कधी बसवली हे मलाही कळलं नाही. बोटाला चिमटा लावला, त्याचा टिंग टिंग आवाज सुरू झाला.

"मॅडम, पूर्ण भूल नाही ही," ते आईला सांगत होते. "तुम्ही आमचं ऐकाल, तोंड उघडा म्हटलं की उघडाल. फक्त त्याचं तुम्हाला काही वाटणार नाही, आणि नंतर लक्षातही राहणार नाही. दाढेजवळ सर वेगळं इंजेक्शन देतीलच."

"मनू?"

"इथंच आहे, आई."

औषध नळीतून सरकलं. आईच्या पापण्या उतरल्या. तिची बोटं माझ्या बोटांत होती, शाई आणि खडूची सवय गेलेली, मऊ पडलेली. मी ती एकेक करून सोडवली. पंचशीलाताईंना खुणेनं बोलावलं. "तुम्ही धरा. आणि तिच्या तोंडावर... म्हणजे कुणीही हात ठेवू नका."

"तोंडातच काम हाय मॅडम, हात न्हाई लावला तर दाढ कशी निघंल?" त्या कुजबुजल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं बरं. जा तुम्ही. मी धरते."

मी निघाले. काचेचं दार, बाहेरची बाकडी, जिना. खाली शटर ओढलेल्या दुकानांची रांग. कोपऱ्यावर शेषेरावांची टपरी तेवढी उघडी. मी तिथल्या फरशीवर बसले.

"चहा, मॅडम? आज रविवारचं बी दवाखाना?"

"हो. आईचं काम आहे."

"मग तुम्ही खाली कशा?"

मी ओठ चिमटीत धरून बघितला. दुखला. डावा, उजवा, दोन्ही. हनुवटी दुखली. जीभ दाताखाली दाबली, तीही दुखली. शेषेरावांनी ग्लास दिला आणि पहिल्याच घोटाला जीभ चांगली पोळली. भाजल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. म्हणजे आई झोपलीय. म्हणजे ते औषध तिच्यातच आहे, तिचं तिला मिळालंय. वर तिच्या जबड्याचं हाड कापत असतील आणि तिला काही कळत नसेल. मी खरंच रडायच्या बेतात होते.

क्लासची पोरं मोटारसायकलवरून ओरडत गेली. मी दचकले, चहा थोडा हिंदकळून बोटांवर सांडला.

दुसरा घोट गरम नव्हता.

मी ग्लासकडं बघितलं. त्यातून वाफ निघत होती. बोटांवरून चहा ओघळत होता, कातडी लाल झाली होती.

६

नळाचं पाणी वाहत होतं. मी हात धूत होते.

समोर आरसा. आरशात दवाखान्यातली खुर्ची, दिवा, सरांची पाठ. माझ्या अंगात हिरवा गाऊन होता. तो मी कधी घातला?

"झालं, बाई," सर हातमोजे काढत म्हणाले. "पिशवी अख्खी निघाली. काही कळलंच नाही त्यांना."

"मी..." माझी जीभ वळत नव्हती. "मी कधी आले?"

"काय?" सर हसले. "मध्ये एकदा त्या कण्हल्या बघ. तू छान शांत केलंस. आम्ही दोघांनी थांबून बघितलं, म्हटलं, लेकीचा हात लागला की आई गप."

मी पंचशीलाताईंकडं वळले. त्या हत्यारं उचलत होत्या. "मी धरते म्हटलं होतं की मी," त्या जरा फुरंगटून बोलल्या. "तर तुम्ही आल्या अन् मला बाजूलाच सारलं. मग जागच्या हलल्या बी न्हाईत. चहा तरी पिऊन यायचं होतं निवांत."

माझ्या हातात अजून एक हातमोजा होता, उजव्या. तळव्याकडं फाटलेला. मी तो ओढून काढला.

अंगठ्याच्या खालच्या मांसल भागावर दातांची कमान उमटली होती. खोल, कडेनं काळीनिळी. एका जागी खूण तुटली होती. आईच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला आहे, शाळेत घंटा लागून.

मी त्या खुणेवर नख दाबलं. जोरात दाबलं. रक्त आलं. बाकी काही नाही.

"मॅडम, उठा आता," डॉ. अंबरीश आईच्या गालावर थोपटत होते. "राजश्री मॅडम! झालं सगळं. दुखलं का काही?"

आईनं डोळे उघडले. झोपेतून उठणाऱ्या माणसाचे डोळे मी रोज बघते, ते आधी छताला अडखळतात. तिचे सरळ माझ्यावर आले. मग माझ्या हातावर. मग डॉक्टरांकडं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

"काही आठवतंय?"

"काही नाही. छान झोप लागली."

सगळे खूश झाले. तिनं पाणी मागितलं. जबड्याला इतकं इंजेक्शन दिलेला माणूस पाणी पितो तेव्हा निम्मं हनुवटीवरून गळतं, त्याला आपला ओठ सापडत नाही. मी टिश्यू घेऊन उभी राहिले.

आईनं कापूस गालात सरकवला आणि कपभर पाणी घोट घोट करून प्यायली. एक थेंब सांडला नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेले. हात रुमालानं बांधलेला.

"शेषेराव, काल मी इथं बसले होते ना? चहा घेऊन?"

"हाव, बसला होता की."

"किती वेळ? म्हणजे वर कधी गेले मी?"

"लई वेळ बसला होता, मॅडम. चहा पार गार झाला."

मला एकदम हायसं वाटलं. मग त्यांचं तोंड बघितलं. ते हसत होते, मान डोलावत होते, पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. हे तोंड मला माहीत होतं. रोज खुर्चीत असतं.

"की लगेच उठून गेले होते?" मी विचारलं. "चहा तसाच टाकून?"

"हाव," शेषेराव म्हणाले. "लगेच गेला की. तसाच टाकून."

मी खोलीवर आले. आई पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपली होती. कालपासून ती बोलली होती ते एवढंच: पेज पातळ कर, पंखा कमी कर. मी कपाळाला हात लावायला गेले की डोकं बारीकसं मागं घ्यायची. सूज आहे, लागतं, असं मी समजत होते.

दुपारी तिला किंचित ताप होता. मी शेजारी बसले. खाली कुणीतरी बोअर चालू केली, मोटार धडधडली, आणि मी दचकले. आईही दचकली. आम्ही दोघी एकदमच, म्हणून मला जरा हसू आलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. या वेळी तिनं डोकं मागं घेतलं नाही. उताणी झाली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"आई," मी म्हटलं, "मला खरं सांग. मी रागावणार नाही, रडणार नाही. काल दुखलं का?"

तिचा श्वास नाकातून भराभर येत होता.

"मी बाहेर गेले होते गं. तुझ्यासाठीच गेले होते. खाली चहा पीत होते मी. तू बघितलंस ना मला जाताना?"

तिनं मान हलवली. हो.

"मग आत कोण होतं? मी नव्हते ना?"

मान हलवली. परत हो. परत परत हो, भराभर, शाळेत पोरगी बाईंपुढं हलवते तशी. डोळे मोठे झाले होते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची एक धार निघून कानाकडं चालली होती.

"अशी मान काय हलवतेस? तोंडानं बोल ना, आई. बोलत का नाहीस?"

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. नजर खाली होती, तिच्या स्वतःच्या नाकाखाली. मी तिकडं बघितलं.

तिथं एक रुमाल बांधलेला हात होता. गच्च दाबलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली, तिचा सुजलेला गाल त्याखाली चेपलेला.

माझे दोन्ही हात मांडीवर आहेत असं मला वाटत होतं. मी खाली बघितलं. मांडीवर एकच होता.